जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दस्ता तडकला तर नवा कोरता येतो, स्प्रिंग तुटली तर घडवता येते. नळीचं तसं नाही. तिच्यातून एकदा घासून काढलेलं लोखंड परत घालायची सोय कोणाकडेच नाही. म्हणून खालच्या बऱ्याच प्रश्नांना माझं उत्तर 'थांबा, आधी मोजा' असंच आहे. परवाना, दुरुस्ती आणि चाचणीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. ते आपापल्या ठिकाणचे पाहून घ्यावेत. इथे फक्त नळ्यांबद्दल बोलू.

वर्षानुवर्षं पडून असलेली दुनळी हातात आली आहे. सुरुवात कुठून करू?

बंदूक उघडा आणि दोन्ही चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत ना, ते डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. 'ही कधीची रिकामीच आहे' हे वाक्य मी भरलेल्या बंदुकीबद्दलही ऐकलं आहे. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या सोडवा आणि दोन्हींत पातळ तेल सोडून एक-दोन दिवस आडव्या ठेवा. त्यानंतर लाकडी गजाला सुती चिंधी गुंडाळून बुडाकडून तोंडाकडे पुसा.

बस, एवढंच. पॉलिश पेपर, ड्रिलमध्ये अडकवलेला तारेचा ब्रश, गंज काढायचं आम्ल, यातलं काहीही पहिल्या आठवड्यात जवळ आणू नका. आणि 'एक बार काढून बघू' हेही नको.

नळीत नुसतं डोकावून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, पण टॉर्च लावून नाही. टॉर्चच्या झगमगाटात वाईट नळीसुद्धा आरशासारखी दिसते आणि विकणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं.

खिडकीसमोर उभे राहा. खिडकीच्या चौकटीची आडवी पट्टी उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी दिसली पाहिजे. नळी त्या पट्टीच्या किंचित खाली धरून आत पाहा. नळीच्या पोटात सावलीच्या दोन बारीक रेषा उमटतात आणि लांब निमुळत्या होत पुढे जातात. नळी सावकाश फिरवत राहा आणि नजर त्या रेषांच्या कडेवर ठेवा. रेषा सरळ, अखंड असेल तर तेवढा भाग सरळ आणि सपाट आहे. एखाद्या जागी ती आत दबली किंवा लचकली तर तिथे बाहेरून पोचा आहे. काळी कडी उमटली आणि नळी पूर्ण फिरवूनही ती तिथेच राहिली, तर तो फुगवटा समजा. कड दातेरी, करवतीसारखी दिसली तर गंजाचे खड्डे.

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. मला निदान पंधरा-वीस नळ्या पाहाव्या लागल्या. मग एके दिवशी ती रेषा एकदम दिसायला लागते आणि नंतर न दिसणं अवघड होतं. एका चांगल्या नळीपासून सुरुवात करा, म्हणजे सरळ रेषा कशी असते ते डोळ्यांत बसतं. नंतर बाहेरून बोटं फिरवून खात्री करा. डोळ्याला न दिसलेला पोचा बोटाच्या टोकाला लागतो.

आत करडे-काळे पट्टे आहेत. ते गंज आहे की शिसं?

छऱ्यांचं शिसं नळीच्या लांबीला धरून लांबट, चकचकीत करड्या पट्ट्यांत बसतं. चेंबरच्या पुढे जिथे नळी निमुळती होते तिथे आणि चोकमध्ये, म्हणजे तोंडाशी नळी मुद्दाम अरुंद केलेली असते त्या भागात, ते जास्त सापडतं. प्लास्टिकच्या वॅडचे (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मध्ये असलेल्या बुचाचे) डाग पापुद्र्यासारखे असतात. गंज मात्र ठिपक्याठिपक्यांनी येतो.

टर्पेंटाइन किंवा नळी साफ करायचं द्रावण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्राँझचा ब्रश चालवा. शिसं आणि प्लास्टिक निघून येतं. हट्टी असेल तर चिंधीभोवती चार शून्यांची अतिबारीक स्टील वूल तेलात भिजवून गुंडाळायची. हे काम कंटाळा न करता करा. प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली ओल अडकते आणि गंज तिथे गुपचूप वाढत राहतो. वरून नळी स्वच्छ दिसत असते.

खड्डे दिसत आहेत. घासून काढून टाकावेत का?

हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आवडत नाही. खड्डा 'काढता' येत नाही. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी नळी खाली आणावी लागते. म्हणजे खड्डा पाच थाऊ खोल असेल तर त्याच्या आसपासची पूर्ण भिंत पाच थाऊने पातळ करायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिलीमीटर.

आता भिंत मुळात असते किती? बुडाकडे ती जाड असते, पण पुढे झपाट्याने निमुळती होते. तोंडापासून एक वीत-दीड वीत मागे ती बहुधा सगळ्यांत पातळ असते. तिथे निदान २० थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलीमीटर जाडी उरली पाहिजे, असं बरेच जाणकार धरून चालतात. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवून बोटांत धरून पाहा. साधारण तेवढंच लोखंड तुमच्या डाव्या हाताच्या बोटांपुढे असतं. मी स्वतः २२-२३ थाऊपाशी आलेल्या नळीला हातच लावत नाही. खड्डे राहू द्या, तेल लावा आणि ती भिंतीवर शोभेला ठेवा.

उथळ, विरळ खड्डे बहुतेक वेळा नळीच्या कामात आड येत नाहीत. त्यांचा त्रास एवढाच, की साफ करायला थोडा जास्त वेळ जातो. पातळ भागातले किंवा रिबच्या (दोन नळ्यांना जोडणाऱ्या लांब पट्टीच्या) कडेने पोखरत गेलेले खोल खड्डे ही वेगळी गोष्ट आहे. त्यावरचा निर्णय जाडी मोजणाऱ्या माणसावर सोडावा.

जाडी मी घरी मोजू शकतो का?

साध्या कॅलिपरने तोंडापाशी मोजता येते, पण ते माप निरुपयोगी. चोकमुळे तिथे भिंत जाड असते. नळीच्या आत लांबवर जाणारा दांडा आणि बाहेर डायल असलेलं खास गेज लागतं. प्रत्येक नळी तिच्या लांबीवर अनेक ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी फिरवून मोजायची, कारण जुन्या नळ्या एका बाजूला जाड नि दुसरीकडे पातळ अशा सर्रास निघतात. सरासरी काढू नका. सगळ्यांत लहान आकडा तोच खरा.

नळ्यांच्या पोटाकडे ठोकलेल्या त्या बारीक खुणा कसल्या?

ती नळीची जन्मपत्रिका आहे. जास्तीचा बार भरून नळी तपासायची आणि टिकली तर ठप्पा मारायचा, याला प्रूफ म्हणतात. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला सनद मिळाली १६३७ साली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस संसदेच्या कायद्याने उभं राहिलं १८१३ साली आणि बेल्जियममधल्या लिएजचीही अशीच जुनी परंपरा आहे. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नाही. तिथल्या जुन्या बंदुकांवर फार तर कारखान्याची स्वतःची खूण सापडते.

दोन गोष्टी आधी शोधा. पहिली, नळी कशासाठी तपासलेली आहे. ब्रिटिश नळीवर 'नायट्रो प्रूफ' हे शब्द किंवा मुकुटाखाली 'एनपी' ही अक्षरं, बेल्जियन नळीवर सिंहाखाली 'पीव्ही', म्हणजे ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. अशी खूण नसेल तर ती काळ्या दारूची नळी समजायची. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बोअरचा आकडा. बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या बारा गोळ्या केल्या की एक पौंड शिसं होतं. त्या हिशोबाने व्यास ०.७२९ इंच येतो. जुन्या ब्रिटिश नळ्यांवर १३, १३/१, १२, १२/१ असे आकडे दिसतात. त्यांचे व्यास अनुक्रमे ०.७१०, ०.७१९, ०.७२९ आणि ०.७४० इंच. नळीवर १३ ठोकलेलं आहे आणि बुडापासून नऊ इंचांवर आज व्यास ०.७१९ किंवा त्याहून जास्त भरतोय, तर मधल्या काळात कोणीतरी ती आतून घासली आहे आणि तिची चाचणी रद्द झाली आहे. आतून आरशासारखी लखलखणारी जुनी नळी दिसली की मी खूश होण्याआधी हा आकडा वाचतो.

७० मिलीमीटरचं काडतूस माझ्या नळीत आरामात बसतं. मग चालेल ना?

नाही. इथे भलेभले फसतात. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. दुमडलेलं तोंड उघडलं की ७० मिलीमीटर. न उडवलेलं काडतूस जेमतेम ५८-६० मिलीमीटर भरतं, त्यामुळे जुन्या अडीच इंची, म्हणजे साधारण ६५ मिलीमीटरच्या चेंबरमध्ये ते मजेत सरकतं. बार निघताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खोक्यावरची लांबी आणि नळीवरची लांबी जुळवून पाहा. चेंबर कापून लांब करणारे भेटतील, पण तिथेच दाब सगळ्यांत जास्त असतो, आणि तिथलं लोखंड काढलं की नव्याने चाचणी करून घ्यावी लागते.

दमास्कस नळ्या सरसकट धोकादायक असतात का?

सरसकट काहीच नसतं. लोखंडाच्या आणि पोलादाच्या बारीक सळया एकत्र पिळायच्या, पट्टी करून दांड्याभोवती वेटोळं घालायचं आणि तापवून घणाने एकजीव करायचं, अशी ती नळी बनते. शंभराहून जास्त वर्षं झालेल्या, उत्तम अवस्थेतल्या आणि नायट्रो प्रूफ असलेल्या दमास्कस नळ्या अस्तित्वात आहेत. अडचण अशी की सांध्यांमध्ये भट्टीची मळी अडकलेली असू शकते, आतला गंज त्या वाटेने कुठवर गेलाय ते वरून दिसत नाही, आणि घडवणाऱ्याच्या हाताप्रमाणे नळीनळीत फरक पडतो. म्हणून खुणा, जाडी आणि तज्ज्ञाची तपासणी हे तिन्ही हाती नसेल तर उत्तर 'नको' असं आहे. नक्षी बघायला सुंदर असते, तिने तेवढं करावं.

नळीला छोटासा पोचा आहे. तसाच ठेवला तर काय बिघडतं?

पोचा म्हणजे आतल्या बाजूला आलेला उंचवटा. प्रत्येक बाराला छरे तिथे घासून जातात आणि लोखंड झिजवतात. पुढे कधी पोचा उचलला तर तेवढाच भाग पातळ झालेला निघतो. उचलायचं काम आतून बरोबर मापाचा ठोकळा किंवा हायड्रॉलिक साधन बसवून, बाहेरून हलक्या हातोडीने टपटप करत होतं. हे ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. गजाला काहीबाही बांधून आतून ठोकू नका.

याहून मोठा घोटाळा म्हणजे पोचा न उचलता आतून नळी घासणं. माझ्याकडे एक बेल्जियन दुनळी आली होती, आतून चकाचक. आधीच्या कारागिराने पोचे तसेच ठेवून होन (नळी आतून घासायचं हत्यार) फिरवला होता. होनने आतले उंचवटे छाटून सपाट केले आणि बाहेर पोचे होते तसेच राहिले. त्यातल्या एका जागी गेज ११ थाऊवर थांबलं. मी तीनदा मोजलं. मालकाला सांगताना माझाच घसा कोरडा पडला.

आणि फुगवटा?

तो पोच्याहून गंभीर. आत काहीतरी अडकलेलं असताना बार निघाला असा त्याचा अर्थ. तोंडाशी चिखल किंवा बर्फ, मागच्या बाराचा अडकलेला वॅड, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चुकून बारा बोअरमध्ये घातलेलं वीस बोअरचं काडतूस. ते चेंबरमधून पुढे सरकतं आणि निमुळत्या भागात अडकतं. चेंबर रिकामा वाटतो, माणूस मागून बाराचं काडतूस भरतो, आणि मग नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. फुगलेलं लोखंड ताणून पातळ झालेलं असतं. ते ठोकून आत बसवता येतं, पण ताण गेला असं समजू नका.

नळ्या 'वाजवून बघा' म्हणतात ते काय?

पुढचं लाकूड काढून नळ्या त्यांच्या खालच्या हुकाने बोटावर लटकवा आणि बोटाच्या सांध्याने किंवा लाकडी काडीने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर डाख (रिब नळ्यांना जोडणारं कथील-शिसं) शाबूत आहेत. थडथड किंवा झंझं असा आवाज आला तर कुठेतरी रिब सुटली आहे. सुटलेल्या रिबच्या आत ओल शिरते आणि नळ्या बाहेरून आत गंजतात, तेही कोणाला न दिसता.

नेमकी जागा शोधायची असेल तर रिबच्या कडेने पातळ तेल लावून पुसा आणि नळी किंचित कोमट करा. फटीतून तेलाचे बुडबुडे येतात. रिब परत बसवताना कथील-शिशाचा डाख आणि राळ वापरतात. आम्लाचा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात तो) आत राहिला तर तो बाहेर काढता येत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. गॅसच्या ज्योतीने 'तेवढाच भाग' गरम करायचा मोह टाळा. साधारण १८३ अंशांनंतर डाख पातळ व्हायला लागतो आणि एका टोकाची रिब बसवताना दुसरीकडची उचलते.

नळ्यांचा काळा रंग उडाला आहे. कोणत्याही बंदुकीच्या कारखान्यात करून घेऊ का?

आधी विचारा, गरम क्षाराच्या टाकीत बुडवणार का? उत्तर 'हो' असेल तर नळ्या उचला आणि घरी या. रायफलच्या एकसंध नळीला ती पद्धत ठीक. दुनळीच्या रिब डाखलेल्या असतात, आणि टाकीतला उकळता कॉस्टिक सोडा कथील-शिसं खातो. वर तो रिबखाली शिरून बसतो आणि कितीही धुतलं तरी महिनोन्महिने पांढरा होऊन पाझरत राहतो. माझ्या स्वतःच्या एका जोडीचं असंच झालं. एका कारखान्याने दोन दिवसांत सुंदर निळ्या-काळ्या करून दिल्या, तिसऱ्या महिन्यात खालची रिब हाताला सुटून आली.

जुन्या नळ्यांना हळू गंज देऊन काळं करतात. पृष्ठभाग हाताने, लांबीच्या दिशेने, ठोकळ्यावर पेपर धरून तयार करायचा. बफचं चाक नको. त्याने कडा गोल होतात, अक्षरं धुवून निघतात आणि रिबच्या बाजूला लाटा पडतात. मग दोन्ही तोंडांत लाकडी बुचं मारायची आणि विझवलेल्या चुन्याने घासून तेलाचा अंश न अंश काढायचा. इथून पुढे उघडं बोट लागलं तर ठसा काळा होऊन कायम दिसतो.

गंजाचं द्रावण कापडावर घेऊन ते जवळजवळ कोरडं होईपर्यंत पिळायचं आणि एका सरळ ओढीत लावायचं. त्याच जागेवर परत जायचं नाही. दमट कपाटात काही तास ठेवलं की नळीवर नारिंगी मखमल येते. ती उकळत्या शुद्ध पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तुमच्या डोळ्यांसमोर नारिंगीचं काळं होतं, कारण तांबडा ऑक्साइड काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. बाहेर काढल्यावर अतिबारीक मऊ तारेच्या ब्रशने वरची काजळी झाडायची. खाली फिकट करडा थर उरलेला दिसतो आणि मन खट्टू होतं. होऊ द्या. दुसऱ्या खेपेला तो गडद होतो. सहा ते दहा खेपा लागतात, आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर तो खोल, किंचित तपकिरी झाक असलेला काळा उमटतो. टाकीतून तो कधीच येत नाही. पाणी १०० अंशांपुढे जात नसल्याने डाखही सुरक्षित राहतो.

दमास्कसला हाच प्रकार थोडा वेगळ्या हाताने करतात. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने गंजतात म्हणून नक्षी उठते. तपकिरी रंग ठेवायचा असेल तर उकळायचं नाही.

मूळ रंग थोडा शिल्लक असेल तर?

राहू द्या. पातळ तेल लावून पुसून घ्या.

बार काढल्यानंतर काय करायचं?

त्याच दिवशी, नळ्या कोमट असतानाच. आधी कागदाचा बोळा ढकला, मग द्रावण आणि ब्राँझचा ब्रश, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा हात. ब्रश नेहमी बुडाकडून घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढा. मध्येच मागे ओढला तर तारा वाकतात. रिबच्या खोबणीतून पिसाने किंवा जुन्या टूथब्रशने ओल काढा, कारण पावसाचं पाणी तिथेच राहतं.

काळी दारू किंवा जुन्या काळची काडतुसं वापरली असतील तर आधी गरम पाणी. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या कॅपमधल्या पोटॅशियम क्लोरेटपासून क्षार बनतो. तो हवेतली ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. नुसतं तेल लावलं तर ओल तेलाखाली राहते. पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल.

किती तेल लावायचं आणि बंदूक ठेवायची कशी?

बोटाला ओशट लागेल एवढंच. जास्त तेल खाली उतरतं आणि दस्त्याच्या डोक्यातलं लाकूड भिजवून मऊ करतं. म्हणून तेल लावल्यावर एक-दोन दिवस तोंड खाली करून, खाली कागद ठेवून उभी करा. कातडी पेटीत किंवा मेंढीच्या लोकरीच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका, ती ओल धरते. कपाटात सिलिका जेल असू द्या आणि ते वेळोवेळी वाळवा. थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या नळ्यांवर दव धरतं. तासभर थांबून मग पुसा.

स्टीलचे छरे चालतील का?

जुन्या पातळ नळ्यांत आणि घट्ट चोकमध्ये नाही. शिसं दबतं, स्टील दबत नाही, आणि तो भार चोकवर येतो. शिसं वापरायला बंदी असेल तिथे बिस्मथचे छरे हा पर्याय आहे, पण काडतुसाची लांबी आणि दाब नळीला साजेसा हवाच.

नळ्या अगदीच गेल्या असतील तर?

बुडाकडचा सुमारे तीन इंचांचा तुकडा ठेवून पुढे नव्या नळ्या बसवता येतात. याला स्लीव्हिंग म्हणतात. काम चांगलं झालं आणि नव्याने प्रूफ झालं तर बंदूक पुन्हा चालती होते. संग्राहकाच्या दृष्टीने तिचं मोल मात्र घटतं.

घेताना किंवा कामाला देताना कागदावर काय मागू?

प्रत्येक नळीचा बुडापासून नऊ इंचांवरचा व्यास, सगळ्यांत कमी जाडी आणि ती कुठे आहे, चेंबरची लांबी, दोन्ही चोक. काम झाल्यावर हेच आकडे पुन्हा मागा. कारागीर 'मोजलं नाही हो, पण एकदम मस्त झालंय' म्हणाला, तर नळ्या तिथेच न ठेवता दुसऱ्या कोणाच्या गेजवर चढवा.